आप्पासाहेबांच्या जीपचे दोष

"ह्या जीपचं अन् म्हशींचं काय वाकडं हाय, देव जाणे," पदरात अडकलेले बाभळीचे काटे उपटत भागूबाई पुटपुटली.

ती मागच्या बाकावर कडूबाईच्या मांडीला मांडी लावून बसली होती, म्हणून तेवढं कडूबाईलाच ऐकू गेलं. जीप रस्ता सोडून पाटाच्या भरावावर चढली होती आणि बाभळीत तोंड खुपसून उभी होती. म्हैस मात्र रस्त्यातच, जागची हलली नव्हती.

"ब्रेक येळेवर लागत न्हाई," पुढून आप्पासाहेब म्हणाले.

"व्हय आप्पा, ब्रेकच," भागूबाई मोठ्यानं म्हणाली. सख्खी बहीण, पण थोरल्या भावाला उलट बोलायची त्या घरात रीत नव्हती.

ती म्हैस कडूबाईला फर्लांगभर आधीपासून दिसत होती. पांढऱ्याफटक रस्त्यावर काळीकुट्ट म्हैस न दिसायला झालंय काय! तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आप्पासाहेबांनी, ब्रेक दाबला तो म्हशीचं शेपूट बॉनेटवर येऊन पडायच्या बेताला.

जीप जुनी होती हे खरं. नगरच्या एका कंत्राटदारानं वापरून सोडलेली, दोन वर्षांपूर्वी आप्पासाहेबांनी घेतली. कोपरगावच्या त्या अंगाला घरच्या माणसांसाठी जीप घेणारे तेच पहिले. वर्षभर ती शहाण्यासारखी चालली. गेल्या दसऱ्यापासून मात्र तिच्या अंगात एकेक दोष निघू लागला. आज गोठ्याची भिंत, उद्या शेजाऱ्याची कडब्याची गंज. कोपरगावच्या पीरमहंमद मिस्त्रीनं दोनदा ब्रेक बदलले. दिवे मिणमिणतात म्हणून एवढे मोठे बल्ब बसवले की उसाच्या गाडीचे बैल समोरून येताना डोळे मिटून घेत. आप्पासाहेबांना तरी दिवे मिणमिणतेच.

खरं कारण पीरमहंमदला ठाऊक होतं. भागूबाईला ठाऊक होतं. आप्पासाहेबांच्या बुबुळांवर दुधावरच्या सायीसारखं काही धरलंय, हे रोज समोर ताट वाढणाऱ्या कडूबाईला तर केव्हापासून दिसत होतं. थोरला मुलगा गोरक्षनाथ गाडी झोकात चालवायचा, पण त्यानं तोंड उघडलं असतं तर लेक कारभार मागतोय असं झालं असतं. साठीच्या कर्त्या माणसाकडून आज किल्ली काढून घ्यायची, म्हणजे उद्या मळ्यातला अधिकारही काढून घेतल्यासारखंच. म्हणून सगळ्यांनी मिळून त्या गरीब जीपलाच बदनाम केलं होतं.

हे असंच आणखी चाललंही असतं. पण लेक पुष्पावतीला सातवा महिना सरत आला होता. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिला नगरहून आपण स्वतः, आपल्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर बसवून आणणार, असं आप्पासाहेब व्याह्यांना सांगून बसले होते. साखर कारखान्यांची गळितं चालू, राहुरीपर्यंत रस्ताभर उसाच्या गाड्या. त्या रस्त्यावर पोटुशी पोर आणि शेजारी हे, असं कडूबाईच्या मनात रोज येई.

तेवढ्यात देव पावल्यासारखं पत्र आलं. जीप विकणाऱ्या नगरच्या दुकानानं ते जुन्या मालकाला पाठवलं होतं, त्यानं तीन महिन्यांनी इकडं धाडलं. आप्पासाहेबांनी कागद लांब धरला, जवळ धरला, नाकाला टेकेपर्यंत आणला.

"विंग्रजी दिसतंय. गोरक्षा, वाच."

गोरक्षनाथानं बघितलं. टाइप केलेलं चांगलं ठसठशीत मराठी होतं. त्यानं वाचून दाखवलं. त्या वर्षीच्या जीपांच्या स्टीअरिंगचा एक दांडा कच्चा निघाला आहे, तरी गाडी दुकानात आणून तो फुकट बदलून घ्यावा.

"अजून काय लिवलंय का रं?" सुपातले गहू पाखडता पाखडता कडूबाईनं विचारलं. त्या आवाजावरच गोरक्षनाथ लहानाचा मोठा झाला होता. खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून तो वाचू लागला, "तोवर मालकाने स्वतः गाडी चालवू नये."

"बगा! कंपनी काय खुळी हाय व्हय?" भागूबाई म्हणाली.

आप्पासाहेब मात्र खूश झाले. दोष जीपचाच होता, आता कागदावर आलं! त्यांनी लगेच मुलाला बसवून आपल्याही तक्रारी लिहून घेतल्या. दिवस कलला की दिवे मंद होतात. गाडी आपसूक बाभळीकडे ओढली जाते. मैलाचा दगड वाचायच्या आत निघून जातो. आणि म्हशी ऐनवेळी समोर येतात.

"येताना पुष्पाला आणू का?" जीप नगरच्या दुकानात न्यायला निघताना गोरक्षनाथानं हळूच विचारलं.

"तिला मी आननार. शब्द दिलाय."

आठ दिवस घरात कसे निवांत गेले. कंपनी जीप ठेवूनच घेईल, मग पोर एस.टी.नं सुखरूप येईल, असं कडूबाईनं मनात पक्कं केलं. नवव्या दिवशी जीप दारात. धुतलेली, नवा दांडा घातलेली, वर दुकानाचा कागद. ब्रेक, दिवे, स्टीअरिंग सर्व तपासले, वाहन निर्दोष आहे. म्हशींबाबत कंपनी काही करू शकत नाही.

"उद्याच निगतो," आप्पासाहेब म्हणाले.

सकाळी अंगणात सगळे गोळा झाले. कडूबाईनं निरोप धाडून पीरमहंमदलाही बोलावलं होतं. तो जीपखाली शिरला, बराच वेळ आतच राहिला आणि तोंड वाकडं करत बाहेर आला.

"आप्पा, आवाज येतोय."

"इंजिन बंद हाय, पीरमहंमद."

"त्येच म्हन्तो. बंद असून येतोय."

"आज वार चांगला न्हाई," भागूबाईनं जोडून दिलं.

"काल तूच म्हनली, लेकीला आनायला बेस्तरवार चांगला!"

गोरक्षनाथ उगाच टायरला लाथा मारत होता. कडूबाईनं लेकीसाठी बांधलेली लाडवांची पिशवी मागे ठेवली आणि वळून बघितलं. आप्पासाहेब जीपशी आले होते आणि दाराची मूठ शोधत होते. डोळ्यांनी नव्हे, हातानं. पत्र्यावरून तळवा फिरत होता, अगदी सावकाश, कुणाच्या ध्यानात येऊ नये असा. वीज गेली की ती स्वतः चुलीपाशी काड्यापेटी चाचपडायची, तसा. त्यांनाही ठाऊक आहे, कडूबाईच्या मनात आलं. या अंगणात ठाऊक नाही असं कुणीच नाही.

तिनं नऊवारीचा ओचा खोचला, दुसऱ्या बाजूनं जीपमध्ये चढली आणि सरकत सरकत थेट स्टीअरिंगपुढे जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा.

"वैनी!" भागूबाईनं तोंडाला पदर लावला.

"अगं, उतर खाली," आप्पासाहेब म्हणाले.

"मी आनते पुष्पीला. तुमी बसा शेजारी."

"तुला गाडी येती व्हय?"

"न्हाई येत." कडूबाईनं दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं. "पन अवं, मला दिसतं. तुमाला दिसत न्हाई."