माझं धनुष्य काढू नका!

मी वाऊ बोलतोय. मलेशियातला वाऊ. 'ए पतंग' म्हणून हाक माराल तर ओ देणार नाही, आधीच सांगून ठेवतो. माणसाएवढी माझी रुंदी, अंगभर सोनेरी वेलबुट्टी, खाली चंद्रकोर आणि डोक्यावर धनुष्य! त्या धनुष्याला ताडपानाची पट्टी ताणलेली असते. तिला वारा लागला की मी असा घुमतो, की भाताच्या शेतातले बगळे माना वर करून बघतात.

तिथल्या केलांतान प्रांतातल्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. धनुष्य बांधताना तो म्हणाला होता, "वादळभूत आलं तर गप्प बसू नकोस. तुझ्या आवाजाला ते टरकतं." गप्प न बसणं माझ्या जन्मातच आहे, त्याला मी काय करू?

फरीद नावाच्या विद्यार्थ्याने मला सिडनीला आणलं. तेव्हा देशोदेशीची पोरं इथे शिकायला लोटत होती. सिडनीतल्या हॅरिस पार्क भागात एकेका फ्लॅटमध्ये गाद्यांना गाद्या लागलेल्या. फरीद परत निघाला तेव्हा मी काही सामानात मावेना. त्याने मला रस्त्याकडेला ठेवलं. काउन्सिलची कचरागाडी यायच्या आधी लोक नकोसं सामान असं बाहेर मांडतात, आणि नवे विद्यार्थी त्यातून आपला संसार थाटतात. पुण्याचा हृषिकेश टेबल न्यायला आला आणि मलाही काखेत मारून घेऊन गेला.

हृषिकेशच्याच फ्लॅटमध्ये कादंबरी राहायची. ती युनीत, म्हणजे विद्यापीठात, नर्सिंग शिकायची आणि तिच्याबरोबर तिची लेक तनया होती. एवढ्या माणसांत एक मूलही आहे, हे घरमालकाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे तनयाने तोंड उघडलं की कादंबरी दटावायची, "शू! हळू बोल." पोर माझ्याजवळ येऊन बसायची आणि माझी पट्टी हलकेच छेडायची. आम्हा दोघांचं चांगलं जमलं.

मग संक्रांत आली. सगळे मैदानावर जमले. हृषिकेशने मला उचललं.

"काय धूड आहे! याच्यापुढे कोण टिकणार? फक्त हे वरचं लाकूड काढू. काटाकाटीत वजन नको."

"डोन्ट, मामा! दॅट्स हिज व्हॉइस!" तनया ओरडली.

"नो वरीज गं. पतंगाला कसला आलाय आवाज?"

आणि त्याने धनुष्याची दोरी कापली! आमच्याकडे कुणी कुणाला कापत नाही हो. आम्ही गायला वर जातो. पण मांजाशिवाय ज्यांची संक्रांत होत नाही त्यांना हे कोण सांगणार? मीही हट्टाला पेटलो. दर खेपेला वर जायचो आणि नाकावर आपटायचो. शेवटी कंटाळून त्याने माझी दोरी तनयाच्या हाती दिली. धनुष्य तिने आधीच पाठीवरच्या दप्तरात जपून ठेवलं होतं.

दुपारी ऊन मी म्हणत होतं, आणि अचानक दक्षिणेकडून थंड वारा सुटला. माणसांना तो वाराच वाटला. मी मात्र ओळखलं. पिंजारलेल्या जटा, गुहेएवढं तोंड. समुद्र ओलांडून वादळभूत आलं होतं! लोक तिळगुळाचे डबे सावरत पळाले. भुताने मला खेचलं आणि दोरी धरलेली तनयाही वर आली. निलगिरीची झाडं पायांखाली गेली. खाली कादंबरी लेकीच्या नावाने आक्रोश करत होती.

"मुक्या, तू काय करणार?" भूत खदखदलं. "पोरगी माझी!"

तनया रडत होती, पण दोरी सोडत नव्हती. दोरीला धरून ती वर चढली, माझ्या चंद्रकोरीवर बसली आणि केसांच्या रिबिनीने माझं धनुष्य पुन्हा बांधलं.

"आता बोल!" ती किंचाळली.

मी बोललो! अख्ख्या आभाळाला ऐकू जाईल असा घुमलो. तनयाही माझ्या सुरात सूर मिसळून बेंबीच्या देठापासून ओरडत होती. भुताने कान झाकले. जाता जाता त्याने माझी एक बरगडी मोडली. मोडू दे! मी तसाच घुमत राहिलो. भूत शेपूट घालून पळालं आणि मी तनयाला अलगद गवतावर उतरवलं.

कादंबरीने तिला छातीशी घट्ट धरलं. हृषिकेशच्या मुठीत तिळगूळ वितळून गेला होता. तनयाचा आवाज थांबेचना. "आई, आय वॉज अप देअर! भूत पळालं! आम्ही पळवलं!" सवयीने कादंबरीचं बोट ओठांकडे गेलं. अर्ध्यातच थबकलं, आणि मग तिने त्याच हाताने लेकीचे विस्कटलेले केस सारखे केले.

पुढच्याच महिन्यात त्या मायलेकी क्वेकर्स हिल या उपनगरात राहायला गेल्या. तिथल्या घरमालकाला कादंबरीने दारातच सांगितलं, "मला मुलगी आहे. ती मोठ्याने बोलते."

आज मी तिथल्या भिंतीवर आहे. बरगडीला चिकटपट्टी आहे, सोनेरी रंग उडत चाललाय. उद्या पुन्हा मला रस्त्याकडेला ठेवायचं तर खुशाल ठेवा. फक्त धनुष्य काढू नका. संक्रांतीला तुम्ही तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगता ना? गोड बोलेन असा शब्द मी देत नाही. पण वादळ आलं, तर बोलल्याशिवाय राहणार नाही.