मूठभर जास्तीचं मीठ

मी एक जुनी निळी थंडपेटी आहे. माझं झाकण आता नीट बसत नाही आणि तळाशी मिठाचा पांढरा थर आहे. मित्रांनो, तो कितीही घासला तरी जात नाही.

भूकंपाच्या साली मला औशाकडे आणलं. पडलेल्या गावांच्या कडेला तंबू होते आणि जखमींना धनुर्वाताची लस द्यायची होती. सिंधुबाई नावाच्या नर्स मला खांद्यावर घेऊन हिंडत. लसीची बाटली आणि बर्फ यांच्यामध्ये त्या नेहमी कापड घालत. एकदा एक बाटली गोठली, तर त्यांनी ती फेकूनच दिली. "गार ऱ्हावं, पण गोठू नये," असं त्या म्हणायच्या. तिथल्याच एका तंबूत सुलतानबी नावाची मुलगी होती. भिंतीचा दगड तिच्या गुडघ्यावर पडला होता.

पुढे नव्या पेट्या आल्या आणि मी भंगारात गेले. तिथून मला लातूरच्या चांदपाशाने उचललं. शिकवणीवर्ग सुटले की तो बाहेर कुल्फी विकायचा. कुल्फी घट्ट राहावी म्हणून बर्फात मीठ टाकायचा, कारण मिठाने बर्फ जास्तच गार होतो. पोरं त्याच्या कुल्फीची तारीफ करत. मला मात्र ते कापड आठवे.

सुलतानबी त्याचीच बायको. ती शिकायला आलेल्या मुलांची खानावळ चालवी. उभं राहून राहून तिचा तो गुडघा पार झिजला. डॉक्टर रुद्राणीबाईंनी त्यातल्या कूर्चेचा, म्हणजे सांध्यातल्या मऊ हाडाचा, कण काढून हैदराबादला पाठवला. तिथे त्यातल्या जिवंत पेशी वाढवून पातळ जेलमध्ये मिसळल्या. सुईने ती जेल गुडघ्यात सोडली, की अंगाच्या उबेने घट्ट होते आणि पेशींना जागेवर धरून ठेवते. मग तिथे नवी कूर्चा धरू लागते. पण सुलतानबीची चांगली कूर्चा एवढीच उरली होती. दुसरा कण काढता येणार नव्हता.

ऐन उन्हाळ्यात, जेल आणणारी गाडी देगलूरजवळ बंद पडली. डॉक्टरबाईंनी चांदपाशाला फोन करून सांगितलं, तुमची पेटी घेऊन जा आणि थंड ठेवून आणा. निघताना सुलतानबी खाटेवरून हसली. "नीट आणा. न्हाईतर कुल्फी म्हणून वाटेत इकून टाकाल माझा गुडघा."

देगलूरला त्याने जेलची सिरिंज बर्फात खोल रोवली. वर मूठभर मीठ टाकलं. मग उन्हाकडे पाहून आणखी एक मूठ टाकली. बायकोची चीज होती. सिरिंज आधी धुरकट झाली, मग दगडासारखी कडक. मला तोंड नव्हतं. वाटेत तो सारखा माझ्यावर हात ठेवी आणि समाधानाने मान हलवी.

लातुरात डॉक्टरबाईंनी झाकण उघडलं. सिरिंज उजेडाकडे धरून त्यांनी ती बोटाने दाबून पाहिली.

"काका, मीठ घातलं का?"

"घातलं की, बाई. लई जपून आणलं."

गोठताना पेशी आतल्या आत फुटल्या होत्या. एकही उरली नव्हती.

आता चांदपाशा कुल्फी विकत नाही. सुलतानबीला जमिनीवर बसता येत नाही, म्हणून ती माझ्यावर बसून मुलांच्या पोळ्या लाटते. ती त्याला त्यावरून कधी बोलली नाही. पण उठताना तिचा गुडघा वाजला, की तो घराबाहेर निघून जातो.

मित्रांनो, कुणी जिवंत गोष्ट तुमच्या हाती दिली, तर तिला किती गारवा सोसतो हे आधी विचारा. आपल्या मनाने जपायला जाऊ नका.

पोळ्या झाल्या. ती आता उठेल.