पी. कुकरे यांचे जागृत प्रोफाइल

"आलं! आलं! मला आलं!"

सभागृहाच्या मधल्या रांगेतून एक टकलू गृहस्थ फोन डोक्यावर धरून उठले. आजूबाजूच्यांनी माना लांब केल्या. फोनवर एकच ओळ होती: 'भरती क्षेत्रातील एका व्यक्तीने तुमचे प्रोफाइल पाहिले.' ती त्यांनी दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. नोकरी सुटल्यापासून त्यांच्या प्रोफाइलकडे कुणी चुकूनही फिरकले नव्हते. तेवढ्यात मागून आवाज आला, "मला दोन!" मग भिंतीकडून, "मलाही!" बघता बघता सगळे फोन असे टिणटिणू लागले, जणू भांड्यांच्या दुकानात उंदीर शिरला असावा.

व्यासपीठावर गुरुसर डोळे मिटून उभे होते. अंगात पांढरा कोट, पायात पांढरे बूट आणि कानावरून गालापर्यंत आलेला छोटासा माइक. नोकरी शोधणाऱ्यांची इंटरनेटवरची प्रोफाइले 'जागृत' करून देणे हा त्यांचा व्यवसाय.

"प्रोफाइल म्हणजे काय?" त्यांनी विचारले.

"आपला सूक्ष्म देह!" सभागृह गर्जले.

"रिक्रूटर कशाला येतो?"

"दर्शनाला!"

"आणि अल्गोरिदम कुणावर प्रसन्न होतो?"

"जो भूतकाळ पुसतो त्याच्यावर!"

शेवटच्या रांगेत वहिनी मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. घरात आणि शेजारीपाजारी सगळे त्यांना वहिनीच म्हणत. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्या रसायनतज्ज्ञ होत्या. धाकट्या दिराने फार आग्रह केला, म्हणून आल्या होत्या. हे भाऊजी शेजारी बसून टाळ्या वाजवत होते. ते शीतगृहाची यंत्रे सांभाळणारे तंत्रज्ञ. शीतगृह बंद पडले तसे घरी बसले होते, आणि घरी बसून बसून चेहऱ्यावरची रया गेली होती. आज मात्र गाल लाल झाले होते.

"बघा वहिनी, मलाही आलं! तुम्हाला पटत नव्हतं ना?"

"कोण आलं?" वहिनींनी विचारले.

"रिक्रूटर!"

"नाव?"

"मोठी माणसं नाव दाखवत नसतात, वहिनी."

घरी आल्यावर वहिनींनी दिराचे प्रोफाइल उघडले. आधी तिथे साधे लिहिलेले होते: 'शीतगृह तंत्रज्ञ. कॉम्प्रेसर, पंप, तापमान नियंत्रण.' गुरुसरांनी ते पुसून लिहायला लावले होते: 'टॅलेंटचा साधक. शीतल ऊर्जेचा वाहक. स्वप्नांचे तापमान राखणारा.'

"म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?" वहिनी म्हणाल्या.

"हेच! वाचणाऱ्याला असाच प्रश्न पडला पाहिजे. कुतूहल!"

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर वाटलं, हा आइस्क्रीम विकतो."

"आई, तू गप्प बस गं!"

"बसते. पण त्या डेअरीवाल्यांना काय कळवलंस? शनिवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय ना?"

भाऊजींनी नाक मुरडले. एका दूध डेअरीच्या शीतकक्षासाठी माणूस हवा होता. जुन्या साहेबांनी यांचे नाव सुचवले होते, आणि काम तर अगदी यांच्या हातचे. "नाहीच म्हणून कळवणार आहे. इतके रिक्रूटर माझ्यासाठी रांगेत उभे असताना दुधाच्या कॅनशेजारी जाऊन बसू? शनिवारी गुरुसरांकडे फी भरून 'सुवर्ण जागृती'च्या वर्गात नाव घालतोय मी."

"रांगेत उभे आहेत, तर एकजण तरी दार का वाजवत नाही?" सासूबाईंनी एक शेंग फोडली. "नुसतंच बघून जातात सगळे. आपण काय प्रदर्शन मांडलंय?"

भाऊजी रागावून गॅलरीत गेले. वहिनी त्यांच्या मागोमाग गेल्या. त्यांचा आवाज कधीच चढत नसे.

"भाऊजी, रागावू नका. गुरुसरांचे नियम काय आहेत, तेवढं सांगा मला."

भाऊजींना बरे वाटले. "सोपे आहेत हो. पहिला, नावाखालच्या ओळीत 'टॅलेंट' हा शब्द आलाच पाहिजे. तो बीजमंत्र आहे. दुसरा, रोज सकाळी आणि सभेला आलं की सेवा. म्हणजे आमच्या समूहातल्या प्रत्येकाचं प्रोफाइल उघडून श्रद्धेनं बघायचं. तिसरा, बघताना स्वतःचं नाव लपवायचं."

"का?"

"अहंकार नको म्हणून."

वहिनी गॅलरीच्या कठड्याला टेकल्या. त्यांना संशय आला होता. पण नुसत्या संशयावर बोलायची त्यांना सवय नव्हती. प्रयोगशाळेत त्या प्रत्येक तपासणीबरोबर एक कोरा नमुना ठेवत. कोरा नमुना म्हणजे ज्यात काहीच नाही असे शुद्ध पाणी. त्यातही घाण दिसली, तर ती पाण्यातली नसते, भांड्यातली असते. इथेही एक कोरा नमुना हवा होता. ज्याला नोकरी मिळण्याची काडीइतकीही शक्यता नाही, असा कुणीतरी.

त्यांची नजर स्वयंपाकघराच्या ओट्याकडे गेली.

त्या संध्याकाळी इंटरनेटवर श्री. पी. कुकरे अवतरले. 'टॅलेंटचा साधक. प्रचंड दबावाखाली काम करण्याचा प्रदीर्घ अनुभव. एकाच वेळी तीन डबे समर्थपणे सांभाळतो. काम झाले की स्वतःहून आवाज देतो. आतून कितीही तापलो, तरी झाकण उडू देत नाही.' त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. फोटोच्या जागी घासून लखलखीत केलेल्या झाकणाचा अगदी जवळून काढलेला फोटो होता.

"तापलो तरी झाकण उडू देत नाही!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "माझ्यापेक्षा गुणी आहे हो हा."

वहिनी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी दुसरेही एक प्रोफाइल केले, श्री. इस्त्रे यांचे. 'टॅलेंटचा साधक. स्वभावाने तापट, पण कुठलेही वाकडे काम सरळ करतो.' बीजमंत्र दोघांनाही दिला. फरक एवढाच, की कुकरे यांना गुरुसरांच्या समूहात घातले आणि इस्त्रे यांना घातले नाही.

सकाळी चहा होईपर्यंत कुकरे यांच्याकडे झुंबड उडाली होती. भरती क्षेत्रातील एक व्यक्ती, आणखी एक, आणखी एक. सगळ्या निनावी. त्यांना भाऊजींपेक्षाही जास्त दर्शने झाली. इस्त्रे यांच्याकडे चिटपाखरू फिरकले नाही. असे रोज होत राहिले. शुक्रवारी तर गुरुसरांच्या कार्यालयातून कुकरे यांना संदेश आला: 'आपल्यात विलक्षण तेज जाणवते. उद्या अवश्य या. आपला सत्कार करायचा आहे.'

"जायला हवं," वहिनी म्हणाल्या, आणि मोठी कापडी पिशवी शोधू लागल्या.

शनिवारी दुपारी सभागृह खचाखच भरले होते. भाऊजी सुवर्ण जागृतीच्या टेबलाकडे निघाले होते. वहिनींनी त्यांना बाहीला धरून खाली बसवले.

"सत्कार होऊ द्या एक. मग जा."

"कुणाचा सत्कार? आणि ह्या पिशवीत काय खडखडतंय?"

तेवढ्यात दिवे मंद झाले. गुरुसरांनी हात वर केले. "मित्रहो! या आठवड्यात एका साधकाला सर्वाधिक दर्शनं झाली. विनम्र माणूस! दबाव सोसलेला माणूस! पाहा, पाहा त्यांचं तेजोवलय!" पाठीमागच्या पडद्यावर एक चकाकणारी चकती उमटली. सभागृहातून "आहाहा" असा उसासा आला. "श्रीमान पी. कुकरे! कुठे असाल तिथून पुढे या!"

वहिनी पिशवी घेऊन व्यासपीठावर गेल्या.

"आपण सौभाग्यवती कुकरे?" गुरुसरांनी वाकून विचारले.

"नाही. मी त्यांना रोज घासते," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीतून कुकर काढून टेबलावर ठेवला. शिट्टीसकट.

पुढच्या रांगेतून चष्मेवाल्या लेखापाल बाई किंचाळल्या, "अगं बाई! हा तर खरंच कुकर आहे!"

सभागृहात हशा पिकला. गुरुसरांचा चेहरा पडला, पण तो त्यांनी पटकन उचलला. या धंद्यात ते तरबेज होते. "पाहिलंत? निर्जीव भांडंसुद्धा जागृत झालं! हा बीजमंत्राचाच प्रताप!" आणि गंमत अशी, की निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनींनी टाळ्या संपू दिल्या. मग पिशवीतून इस्त्री काढली.

"बीजमंत्र हिलाही दिलाय. ही का जागृत झाली नाही?"

"हिची... हिची श्रद्धा कमी पडली."

"बरं. मग आता तुमच्या हातानं करा जागृत. फक्त एक विनंती. तोवर सगळ्यांनी आपापले फोन पालथे ठेवावेत. अल्गोरिदम तुमच्यावर प्रसन्न आहे, आमचे फोन त्याला कशाला हवेत?"

लोकांना हे रास्त वाटले. फोन पालथे पडले. वहिनींनी आपला फोन पडद्याला जोडला आणि त्यावर श्री. इस्त्रे यांचे प्रोफाइल आले. गुरुसरांनी कपाळाला बोटे लावली, पुटपुटले, इस्त्रीवरून हात फिरवला. पडदा ढिम्म. "इथे नकारात्मक लहरी आहेत," ते म्हणाले. कोटाची कॉलर सैल करून पुन्हा पुटपुटले. पडदा ढिम्मच.

"आता मी करते," वहिनी म्हणाल्या. "फोन उचला. नियमाप्रमाणे नाव लपवा. आणि श्री. इस्त्रे शोधून नुसतं बघा."

टिण. टिण टिण. टिणटिणटिणटिण. पडद्यावर ओळींची रांगच लागली: 'भरती क्षेत्रातील एका व्यक्तीने तुमचे प्रोफाइल पाहिले. भरती क्षेत्रातील एका व्यक्तीने...'

लेखापाल बाई हातातल्या फोनकडे पाहत राहिल्या. "अय्या! म्हणजे... भरती क्षेत्रातली व्यक्ती ती मीच?"

"तुम्हीच. मीही. इथले सगळेच," वहिनी म्हणाल्या. "या साइटवर नाव लपवलं, की समोरच्याला फक्त आपलं क्षेत्र दिसतं. आणि क्षेत्र कुठलं, हे यंत्र आपल्या नावाखालच्या ओळीवरून ठरवतं. नोकरभरती करणारे आपल्या कामाला 'टॅलेंट' शोधणं म्हणतात, म्हणून तिथे तो शब्द असला, की यंत्र समजतं, हा माणूस नोकरभरती करतो. साइटच्या मदतीच्या पानावर सगळं लिहिलेलं आहे. पहिल्या नियमानं तुम्हाला रिक्रूटरचं सोंग दिलं, तिसऱ्यानं तुमचा चेहरा झाकला, आणि दुसऱ्यानं रोज सकाळी एकमेकांच्या दारात पाठवलं."

"मग त्या दिवशी मला जे आले होते..." टकलू गृहस्थ उभे राहिले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

शेजारचा माणूस खजील होऊन म्हणाला, "त्यातला एक मी होतो बहुतेक. माफ करा."

"नाही हो, तुम्ही तरी आलात!"

या गडबडीत गुरुसर व्यासपीठावरून नाहीसे झाले होते. गालावरचा माइक काढायचे मात्र त्यांना सुचले नव्हते. एकाएकी सभागृहाच्या चारही भिंतींमधून धापा टाकणारा आवाज घुमला, "अरे, तुला सांगितलं होतं ना, सत्काराआधी फोटो नीट बघत जा म्हणून! कुकर! कुकरला हार घालणार होतो मी! गाडी काढ... अरे, पुढच्या दाराशी नको, आत ती इस्त्रीवाली बाई आहे!"

हसून हसून लोक खुर्च्यांवर आडवे झाले. भाऊजी तेवढे हसत नव्हते. ते फोनमधल्या आपल्या दर्शनांकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली.

"वहिनी, किती वाजले?"

"अजून संध्याकाळ व्हायची आहे. लावा फोन."

डेअरीच्या साहेबांनी फोन उचलला. भाऊजींनी नाव सांगताच पलीकडून त्रासिक आवाज आला, "अहो, तुमचं प्रोफाइल बघितलं मी. मला काही अर्थबोध होईना. तुम्ही शीतगृहवाले की आइस्क्रीमवाले?"

"शीतगृहवाला, साहेब," भाऊजी घाईने म्हणाले. "कॉम्प्रेसर, पंप, तापमान नियंत्रण. ते दुसरं... ते उष्णतेनं झालं होतं."

"मग असं सरळ लिहा की! सोमवारी या. आमचा मोठा कॉम्प्रेसर खोकतोय. तो बघा, मग ठरवू."

भाऊजींनी फोन खाली ठेवला. सुवर्ण जागृतीच्या टेबलावर आता कुणीच नव्हते. तिथेच बसून त्यांनी आपली ओळ पुसली आणि जुनी पुन्हा लिहिली. खाली एक नवी जोडली: 'आवाजावरून बिघाड ओळखतो.' मग फोन वहिनींपुढे धरला.

"हे लिहू का?"

"सिद्ध करून दाखवता येईल?"

"कधीही."

"मग लिहा."

हळूहळू टेबलाभोवती माणसे जमली. लेखापाल बाईंनी आपले 'आकड्यांची आराधना' खोडून 'हिशेब तपासते' असे लिहिले. टकलू गृहस्थ वाहनांचे सुटे भाग विकत असत, हे तिथे प्रथमच कुणाला तरी कळले, आणि कळताच मागच्या रांगेतल्या एकाने त्यांना आपल्या मेव्हण्याच्या गॅरेजचा नंबर दिला. इतके दिवस ते एकमेकांना रोज बघत होते, पण कुणी कुणाला "तुम्ही काय काम करता?" एवढे विचारले नव्हते.

काम शोधणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्याला कुणी बघितले तरी धीर येतो, आणि असा धीर विकणारे नेमके तिथेच दुकान थाटतात. म्हणून कुणी चमत्कार दाखवला, की हात जोडण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हे कशाने होते? आणि ते काढून घेतले, तरीही होते का? हे विचारायला पदवी लागत नाही, थोडा धीटपणा लागतो. शिवाय घरात कुकर असतोच.

तिन्हीसांजेला वहिनी घरी पोचल्या तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"भाऊजींना सोमवारी बोलावलंय," वहिनी म्हणाल्या.

"ते कळलं, त्यानं फोन केला. ह्या कुकरेला लागली का कुठे नोकरी?"

"नाही."

"मग आण तो इकडे," सासूबाईंनी पिशवीसाठी हात पुढे केला. "डाळ भिजवून बसलेय मी केव्हाची."