भरावाखालची ओल

भगवानराव रेल्वेत कीमन होते. चौतीस वर्षं रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन ठरलेला रूळ पायी बघायचा, सैल झालेली चावी ठोकायची, भराव कुठं खचलाय का, पाणी कुठून झिरपतंय का ते बघायचं, एवढंच काम. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी नांदेडात भाजी आणायला निघाले तरी नजर खालीच असायची.

त्यांची मुलगी बबिता हैदराबादला असते. बाप लहानपणी ओढ्यात गळ टाकून बसायचा, हे तिनं शंभरदा ऐकलेलं. नायगाव आणि उमरीच्या मधल्या एका तलावावर सत्यम नावाचा माणूस लोकांना नावेतून मासे धरायला नेतो, एका वेळी एकच कुटुंब, हे तिनं मोबाईलवर पाहिलं आणि आईवडिलांचं नाव नोंदवून टाकलं. सप्टेंबरातला रविवार ठरला.

सत्यम तिशीतला, भोयाचा. पुण्यात चार वर्षं कंपनीत काढून परत आलेला. सकाळी सहाला तो नायगावच्या स्टँडवर जीप घेऊन उभा होता. वाटेत भडाभडा बोलत होता.

"परदेशात बास म्हणून मासा असतो काका, लोक त्यो असाच धरतेत. आपल्याकडं मरळ. बासाचा बाप हाय मरळ! प्लॅस्टिकचा बेडूक पाण्यावरून नाचवायचा, खालून असा येतो की काळीज हलतंय."

"आन मग?" भगवानरावांच्या बायकोनं, रुक्मिणबाईंनी विचारलं.

"मग फोटो काढायचा आन सोडून द्यायचा."

"सोडून द्यायचा? मग धरायचा कामून?"

भगवानराव हसले. जीप सावरवाडीच्या वरून तलावाच्या भरावाकडं वळली. वाडी बावीस घरांची, भरावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. सत्यमचं घरही तिथंच. भरावाच्या पायथ्याशी एका ठिकाणी हिरवंगार होतं. बाकी सगळीकडं खुरटं गवत आणि तेवढ्याच पट्ट्यात कमरेएवढी लव्हाळी. मध्ये पाणी चमकत होतं. भगवानरावांनी ते बघितलं. ओल, त्यांच्या मनात आलं. दुसऱ्याच क्षणी वाटलं, चार दिवस पाऊस झालाय, असणारच. आणि आज काही ड्युटी नाही. ते काही बोलले नाहीत.

तलाव तुडुंब होता. सांडव्यावरून पातळ पाणी वाहत होतं. सत्यमनं दोघांना नारिंगी जॅकेटं घातली. रुक्मिणबाई लुगड्यावरून ते घालून घ्यायला तयार नव्हत्या, पण त्यानं ऐकलं नाही. मग तासभर फार मजेत गेला. भगवानरावांना रीळ जमेना. दोरा गुंतायचा आणि बाई हसायच्या. पहिली मरळ लागली ती बाईंनाच. हातभर लांब, काळीशार, नावेत आपटायला लागली तशा त्या ओरडल्या, "सोड बाबा, सोड तिला!" सत्यमनं सोडली.

साडेसात झाले असतील. सत्यमनं नाव भरावाच्या दगडांजवळ आणली. तिथं मोठ्या मरळी सावलीला असतात म्हणाला. बाईंनी पिवळा बेडूक फेकला. तो पाण्यावर पडला आणि फिरायला लागला. नुसता गोल गोल. मग खाली गेला.

"लागली!" सत्यम ओरडला. "सोडा दोरा, सोडा! जाऊ द्या तिला!"

रीळ करकरत फिरायला लागलं. झटका नाही, ओढाताण नाही. दोरा आपला सरळ जात राहिला, एकसारखा, जसं कुणी पलीकडून गुंडाळून घेतंय. वीस हात, चाळीस हात. सत्यमनं रॉड हातात घेतला. त्याचा चेहरा बदलला.

"मासा न्हाई हे," तो हळूच म्हणाला.

भगवानराव वाकून पाण्याकडं बघत होते. दगडांपासून दोन हातांवर ताटलीएवढा भोवरा होता. पाण्यावरची पानं, काड्या त्याच्याकडं सरकत होत्या, आणि नाव पण. दोरा भरावाच्या दिशेनं जात होता. भरावाच्या आत.

"काठाला घे," ते म्हणाले. "नाव काठाला घे. आत्ता."

दगडांवरून हातपाय टेकत ते भरावाच्या माथ्यावर चढले. मागून सत्यम. पलीकडं खाली बघितलं आणि दोघं जागच्या जागी थांबले. मघाच्या त्या हिरव्या पट्ट्यातून पाणी उसळत होतं. मांडीएवढी धार, चहासारखी तांबूस. लव्हाळी आडवी झालेली. आणि त्या धारेच्या तोंडाशी, दोऱ्याला बांधलेला पिवळा बेडूक उड्या मारत होता.

स्वच्छ पाणी झिरपलं तर निभावतं, गढूळ आलं तर भराव आतून खातंय, हे भगवानराव चौतीस वर्षं नव्या पोरांना सांगत आले होते. तांबूस पाणी म्हणजे माती. त्यांच्या डोळ्यांसमोर मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि धार दीडपट झाली.

सत्यम गुडघ्यावर बसला होता. फोन कानाला. "माय फोन उचलंना," तो म्हणाला. "उचलंना. काका, माय उचलंना." तेवढंच परत परत. खाली वाडीत एका घरातून धूर निघत होता. कुणीतरी अंगण झाडत होतं. सगळं इतकं शांत होतं की भगवानरावांना आपणच चुकतोय असं क्षणभर वाटलं.

"सत्यम! जीप काढ! हॉर्न वाजवत जा!"

तो उठेना. त्याला ऐकूच येत नव्हतं. तोवर रुक्मिणबाई वर आल्या होत्या. त्यांनी खाली एकदा बघितलं, सत्यमचा दंड धरला आणि त्याला उभा केला. "चल बाळा. मी येते. बायकांना मी सांगते, तू म्हाताऱ्यांना धर." आणि नवऱ्याकडं वळून, "तुम्ही?"

"रस्ता," भगवानराव म्हणाले. "खाली फरशी पूल आहे."

जीप चिखल उडवत गेली. ते भरावाच्या टोकाकडून उतरून रस्त्याकडं पळाले. बासष्टाव्या वर्षी माणूस जेवढा पळू शकतो तेवढे. मागं वळून बघायचं नाही एवढंच त्यांनी ठरवलं होतं. वाडीतून हॉर्नचा आवाज येत होता, थांबतच नव्हता.

पुलाच्या अलीकडं ते पोचले तेव्हा समोरून उमरीकडून येणारी एसटी वळणावर दिसली. पूल त्या दोघांच्या मध्ये. त्यांनी अंगातलं नारिंगी जॅकेट काढलं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवायला सुरुवात केली. गाडी थांबवायला दुसरं काय करतात ते त्यांना माहीत नव्हतं. पूल ओलांडून ते बसच्या समोर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. बस करकचून थांबली.

"मरायचंय का ओ?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"मागं घे. तलाव फुटायलाय. मागं घे गाडी!"

"कोण म्हणतंय?"

भगवानरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाज आला. तो स्फोटासारखा नव्हता. लांबून मालगाडी यावी तसा, जमिनीतून. ड्रायव्हरनं त्यांच्या खांद्यावरून मागं बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं बस मागं घेतली, वाकडीतिकडी, आतली माणसं किंचाळत असताना. भगवानराव तिच्यामागून चढावर पळाले.

वर पोचून वळले तेव्हा भरावाच्या मधोमध दाराएवढी फट होती. बघता बघता ती घराएवढी झाली. तांबडं पाणी भिंतीसारखं उभं राहून खाली आलं. त्यात एक अख्खं बाभळीचं झाड उभंच्या उभं चाललं होतं. फरशी पूल कधी गेला ते कुणी बघितलं नाही. आधी होता, मग नव्हता. बसमधली माणसं खाली उतरून रांगेत उभी होती. एका बाईनं पोराला घट्ट धरलं होतं, इतकं की ते रडायला लागलं.

वाडी त्यांना तिथून दिसत नव्हती. दिसत होतं ते फक्त पाणी. रुक्मिणी, ते म्हणाले. एवढंच.

पाणी ओसरेपर्यंत दीड तास ते त्या चढावर उभे होते. फोन पाण्यात गेलेला की नावेत राहिलेला, आठवेना. शेवटी ड्रायव्हरनं आपला फोन दिला. बायकोचा नंबर त्यांना पाठ नव्हता. बबिताचा होता. तिला फोन लावला आणि बोलताच येईना. ती "हॅलो, कोण?" म्हणत राहिली. मग तीच म्हणाली, "पप्पा? पप्पा, मम्मी ठीक हाय. आत्ता तिचा फोन आला. ती तुम्हालाच शोधायली."

ते रस्त्यावर बसले.

काय झालं ते त्यांना दुपारी, ओसरलेल्या ओढ्यातून वाट काढत वाडीकडं पोचल्यावर कळलं. वाडीच्या वरच्या अंगाला टेकडीवर मारुतीचं देऊळ आहे, सगळे तिथं जमले होते. रुक्मिणबाईंचं लुगडं चिखलानं भरलेलं. घराघरात शिरून त्यांनी बायका बाहेर काढल्या होत्या. कुणी विचारलं, कोण तुम्ही? तर म्हणाल्या, मी कोण ते वर गेल्यावर सांगते. सत्यमची आई कस्तुराबाई भाकरी थापत होती. फोन खुंटीवरच्या पिशवीत होता. ती हातातल्या पिठासकट निघाली. तवा चुलीवर तसाच.

बावीस घरांतली सगळी माणसं वर आली होती. मोजून झाली. मग सत्यमचा चुलता सटवाजी म्हणाला, "म्हशी बांधलेल्या हायती," आणि कुणी धरायच्या आत तो खाली पळाला. सत्तरीचा माणूस. त्यानं दोन्ही म्हशी सोडल्या. म्हशी टेकडीवर आल्या. सत्यमनं त्याला शेवटचं बघितलं ते गोठ्याच्या दारात, हातात दावं घेऊन.

बारा वाजेस्तोवर तलाव रिकामा झाला. सत्यम वर बघायला गेला आणि त्याच्यामागून भगवानरावही गेले. सकाळी जिथं पाणी होतं तिथं काळा चिखल होता, लांबच लांब, उन्हात चमकणारा. नाव त्यात कलती पडलेली. आणि मासे. सगळा चिखल हलत होता. मरळी, कटले, रोहू, हजारो, तोंडं उघडून. आसपासच्या गावांतून माणसं पोती घेऊन आली होती आणि गुडघाभर चिखलात मासे भरत होती. त्यातल्या एकानं सत्यमला ओळखलं.

"तूच ना रे तो मरळवाला? मोठ्या कुठं असतेत?"

सत्यमनं त्याच्याकडं बघितलं. त्याला राग आला नाही. रडू आलं नाही. त्यानं खरंच हात उचलून, जिथं मोठ्या असायच्या ती जागा दाखवली.

सटवाजी दुसऱ्या दिवशी सापडला, तीन किलोमीटर खाली.

नांदेडला घरी आल्यावर भगवानराव आठ दिवस नीट बोलले नाहीत. शेजारी भेटायला यायचे, तुमच्यामुळं वाडी वाचली म्हणायचे. ते मान हलवायचे. जेवताना घास हातात तसाच राहायचा. रुक्मिणबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

सटवाजीच्या दहाव्याला दोघं गेले. वाडीची माणसं पलीकडच्या गावच्या शाळेत राहत होती. वर्गातली बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकलेल्या. विधी आटोपल्यावर भगवानराव सत्यमला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले.

"मी बघितलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"ओल. भरावाखालची. जाताना जीपमधून. मला कळलं होतं सत्यम. चौतीस वर्षं मी तेच बघत होतो. आन मी म्हणलं, आज सुट्टी हाय." त्यांनी कठडा धरला. "तेव्हाच बोललो असतो तर तास मिळाला असता. तुझ्या चुलत्याला म्हशी सोडून चहा पिऊन वर येता आलं असतं."

सत्यमनं समोर बघितलं. शाळेच्या मैदानात त्या दोन म्हशी बांधलेल्या होत्या. कस्तुराबाई त्यांना पेंड घालत होती.

"काका," तो म्हणाला, "दोन वर्षं हाय ती ओल. उन्हाळ्यात बी आटत नव्हती. आमच्या मायनं तिथं कोथिंबीर लावली होती. मीच तिला वाफा करून दिला." तो थांबला. "सगळी वाडी कोथिंबीर न्यायची तिथून. चुलता पण."

सत्यमनं आपल्याला माफ केलं की आपल्याहून मोठं ओझं समोर ठेवलं, ते भगवानरावांना कळेना. दोघं कठड्याला टेकून उभे राहिले.

"साहेब लोक आलते," सत्यम म्हणाला. "जबाब घ्यायला. ओलीचं इचारलं. मी सांगितलं न्हाई."

"का?"

"मायचं नाव येईल म्हणून."

"मी सांगतो," भगवानराव म्हणाले. "मी बघितलं तेवढं मी सांगतो. कोथिंबिरीचं तुझं तू ठरव."

सत्यमनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. आतून कस्तुराबाईनं जेवायला हाक मारली. पत्रावळी मांडलेल्या होत्या. सत्यम आत गेला, पण भगवानराव तिथंच उभे राहिले. थोड्या वेळानं रुक्मिणबाई बाहेर आल्या, त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"सोमवारी तहसीलला जायचंय," ते म्हणाले.

"मी येते," बाई म्हणाल्या. "आधी दोन घास खाऊन घ्या."