पलंगाखालचा कोअरबॉक्स

शिरोलीची फाउंड्री बंद पडली, त्या दिवशी वाळूचे साचे करणाऱ्या गुंडू मोल्डरनं एक काम चोख केलं. वाळूत पंपाचा ठसा उमटवायचा लाकडी पॅटर्न आणि त्याचा कोअरबॉक्स एम-एटी गाडीला बांधून घरी आणला. थोरल्या मालकांनी ‘आठ दिवसांत चालू करतो’ म्हणून सगळ्यांना घरी धाडलं होतं, आणि त्याच आठ दिवसांत मशिनी ट्रकात घालून विकल्या. तेव्हापासून ‘चालू करतो’ म्हटलं की गुंडूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

नऊ वर्षांनी मालकांचा मुलगा उदयसिंह दारात येऊन उभा राहिला. "मामा, भट्टी पेटवतोय. पंपवाल्यांनी एक नमुना मागितलाय. पास झाला की वर्षभराचं काम हाय. पॅटर्न द्या, आणि तुम्हीबी चला."

गुंडूनं त्याला खालीवर बघितलं. जिभेवरची साखर बापाचीच. हे बेणं जागा विकायच्या आधी नुसता देखावा करणार, नाहीतर पॅटर्नच परस्पर कुणाला तरी देऊन मोकळं होणार! त्यानं पॅटर्न तेवढा काढून दिला. पंपाच्या पोटात पोकळी राहायला वाळूचा गाभा घालावा लागतो, आणि तो गाभा कोअरबॉक्समध्ये बनतो. तो बॉक्स पलंगाखालीच राहिला.

"कोअरबॉक्स वाळवीनं खाल्ला," गुंडू म्हणाला. "आणि माझं गुडघं धरल्यात. मी काय येत न्हाय."

उदयसिंह गेल्यावर बायको धोंडुबाई म्हणाली, "अवो, पोरगं खरं बोलत असलं तर?"

"तर धूर दिसंल की."

चौथ्या दिवशी धूर दिसला. टायर जाळत असतील, गुंडू म्हणाला. पुढं आठवडाभर रोज दिसला, तेव्हा मात्र त्याला घरात चैन पडेना. त्यानं बॉक्स पोत्यात घालून गाडीला बांधला. सगळं खोटं निघालं तर तसाच माघारी आणायचा, खरं निघालं तर माळ्यावर सापडला म्हणायचं.

पोतं काखेत मारून तो फाउंड्रीत शिरला, तर पाच-सहा जुनी माणसं बसली होती. तपासायला मधोमध कापलेला नमुन्याचा पंप समोर पडला होता. एका अंगाची भिंत जाड, दुसरीकडची पत्र्यागत पातळ.

"गावातल्या सुताराकडनं नवा कोअरबॉक्स करून घेतला," उदयसिंह म्हणाला. "त्यानं साध्या पट्टीनं मापं घेतली."

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार झाल्यावर आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच मुळात थोडी मोठी असते. साध्या पट्टीच्या बॉक्समधला गाभा ढिला बसणार आणि रस ओतताना सरकणार, हे गुंडूनं झोपेतही सांगितलं असतं. पण सांगायला तो इथं होता कुठं?

"नमुना काल नापास झाला. काम दुसरीकडं गेलं," उदयसिंह म्हणाला.

गुंडू पोत्यासकट मागं वळला. पण बरोबरीचा बाबासो उठला, पोतं सोडलं आणि सागवानी बॉक्सवरनं सावकाश हात फिरवला.

"वाळवी कुठं लागलीया रं, गुंडू?"

गुंडूनं पोतं उचलून पुन्हा बॉक्सवर टाकलं. बाकीचेही त्याच्याकडंच बघत होते.