उकडलेले हरभरे

परतूरच्या विज्ञान प्रदर्शनात आष्टीच्या अर्शिया आणि दैवशाला या दोघी मैत्रिणींचा मिळून एक प्रयोग होता. एका थर्मासमध्ये मोड आलेले हरभरे, दुसऱ्यात उकडलेले. जिवंत बी श्वसन करतं, म्हणून पहिल्यातलंच तापमान वाढायला हवं होतं. पण चौथ्या दिवशी दुसऱ्यातलंही तीन अंशांनी वाढलं.

परीक्षकांनी कारण विचारलं. अर्शिया तोंड उघडायच्या आत दैवशाला म्हणाली, "सर, उकडायचं काम हिच्याकडं होतं. हिनं बराबर उकडले न्हाईत."

अर्शिया तिच्याकडे बघतच राहिली. हरभरे तर दोघींनी मिळून दैवशालाच्याच घरी उकडले होते.

तिनं दुसऱ्या थर्मासच्या तोंडाचा कापसाचा बोळा काढला. आंबट वास आला. हरभऱ्यांवर पांढरी बुरशी धरली होती.

"बी मेलंय सर, पण ही बुरशी जिवंत हाय. गरमी तिची असंल."

परीक्षक खूश झाले. दुसरा नंबर मिळाला.

"बघ, आपला नंबर आला!" दैवशालानं तिचा हात धरला.

"तू माझ्यावर ढकललंस."

"मंग काय करू? मी घाबरून गेल्ते."

अर्शियानं हात सोडवून घेतला. परतताना एसटीत ती एकटीच पुढं बसली. त्यानंतर वर्षभर तिनं एकही प्रयोग दैवशालासोबत केला नाही.