जिन्यातलं स्टूल

तंत्रज्ञ बाईंनी वडिलांच्या छातीवर शेवटची चकती दाबून बसवली, तारा कमरेच्या पट्ट्यात खोचल्या आणि त्यांना चालायच्या यंत्रावर उभं केलं.

"कठडा धरायचा, पण लोंबकळायचं नाही. दम लागला की सांगायचं."

"ब्रेक कुठंय?" वडिलांनी विचारलं.

"माझ्याकडे."

"मग अवघड आहे," ते म्हणाले. सारी हयात बस चालवण्यात गेलेली. दुसऱ्याच्या हातातला ब्रेक त्यांना कसा मानवणार?

कोपऱ्यात लेक त्यांचा सदरा मांडीवर घेऊन बसली होती. एरवी ती हसली असती. हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून रोज संध्याकाळी ऑफिसातून आली की ती वडिलांना कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत फिरवून आणायची. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर तिनंच एक स्टूल आणून ठेवलं होतं. तिथे त्यांना बसवायचं, मग वरचा मजला चढायचा. घरात आल्यावर जरा वेळानं मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजायची. आणि ती नाडी अलीकडे मंद होत चालली होती. गोळ्या त्याच, डोस तोच, ठोके मात्र कमी कमी. हृदय थकत चाललंय, असा तिनं सरळ अर्थ लावला. वडिलांनी "किती आहे?" विचारलं की "नेहमीसारखीच आहे," म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन आवरलेली भांडी पुन्हा आवरायची.

त्यातच तिला दुसऱ्या गावाहून बोलावणं आलं होतं. पुलांचे नकाशे काढणारी मोठी कचेरी. अशी नोकरी काही रोज दार ठोठावत नाही. उत्तर उद्यापर्यंत द्यायचं होतं. नकाराचा निरोप तिनं फोनवर लिहून ठेवला होता. आजची तपासणी झाली की पाठवून मोकळं व्हायचं. वडिलांना मात्र सांगितलं होतं, "बघू, अजून काही ठरलं नाही."

पट्टा सुरू झाला. वडील चालू लागले. डॉक्टर आत आले, पडद्याकडे बघत उभे राहिले. वेग वाढवायला सांगितला. मग चढ द्यायला सांगितलं. मग आकडे वाचत पडद्याशी वाकले. लेक उठली तसा मांडीवरचा सदरा खाली पडला.

"काही गडबड आहे का?"

"आहे तर," डॉक्टर म्हणाले. "काका, मागच्या खेपेला एवढ्या वेगात तुमचं हृदय नुसतं धडधडत होतं. आज आपण चढावर आहोत याचा त्याला पत्ताच नाही. दिवसभर करता काय?"

"काही नाही. घरीच असतो."

"घरी बसून असं होत नाही. खरं सांगा, नाहीतर आणखी चढ देईन."

वडिलांनी लेकीकडे बघायचं टाळलं. "चालतो थोडाफार. ही ऑफिसला गेली की."

"कुठं?"

"माझ्या जुन्या मार्गावर. आधी पहिल्या थांब्यापर्यंत जायचो. ते जमलं की पुढचा थांबा. आता शेवटपर्यंत जातो."

"स्टेशनपर्यंत?" लेक म्हणाली. "आणि येताना बसनं ना?"

"छे. बसमध्ये मागच्या बाकावर मला कसंसंच होतं."

बाईंनी हसू दाबत पट्टा थांबवला. पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा बघता बघता उतरला.

"म्हणजे नाडी मंद झाली ती..." लेक म्हणाली.

"म्हणूनच झाली," डॉक्टर म्हणाले. "सराव झालेलं हृदय एकेका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं. थोडक्या ठोक्यांत भागत असेल तर उगीच धावाधाव कशाला करेल ते? तुम्हाला काय वाटलं?"

तिनं सदरा उचलून, झटकून वडिलांपुढे धरला, तो उलटा. त्यांनी सरळ करून घेतला.

घरी दोघं पायीच निघाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू जाऊ दिलं असतंस?"

"नसतं."

"मग? माझ्यापायी तुझं अडायला नको होतं. म्हटलं, आधी धडधाकट होऊ, मग सांगू. झालोही. पण सांगवेना."

"का?"

"का काय. जाशील म्हणून."

ती फुटपाथवर थांबली. लिहून ठेवलेला निरोप पुसला, दुसरा लिहिला. वडील रस्त्यातून जाणाऱ्या बसकडे बघत राहिले. चालक गिअर फार खेचतो, असं काहीतरी पुटपुटले.

"पाठवला," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय."

"चांगलं केलंस," ते म्हणाले, आणि इमारतीच्या दिशेनं चालू लागले.

जिन्यात ते पुढे झाले. दुसऱ्या मजल्यावर स्टुलाशी थांबले नाहीत, वर चढत राहिले. चार पायऱ्या गेल्यावर मागे पाऊल वाजेना, म्हणून वळून बघितलं. लेक स्टुलावर बसली होती. दोन मजल्यांत दम लागावा असं तिचं वय नव्हतं, पण छाती वरखाली होत होती आणि डोळे भरले होते.

ते खाली उतरले, वाकले, तिचं मनगट हातात घेतलं. दोन बोटं नीट जागेवर बसेनात. ती तिनंच सरकवून दिली. वरून कुणीतरी पिशवी घेऊन उतरलं, त्यांना वाट देताना मोजणं चुकलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"किती आहे?" तिनं विचारलं.

"नेहमीसारखीच आहे," ते म्हणाले.

तिची नाडी त्यांनी याआधी कधीच मोजली नव्हती. बोटं त्यांनी काढली नाहीत, आणि तीही उठली नाही.